चारशे बारा नंबरची काच

फोटोच्या जुन्या काचेला दोन अंगं असतात. काच खिडकीपाशी तिरकी धरायची. उजेड घसरला तर ती नुसत्या काचेची बाजू, उजेड मुरला तर ती चित्राची. चमकणाऱ्या बाजूला ओला कापूस चालतो. दुसऱ्या बाजूला फक्त कोरडा ब्रश, तोही मांजराच्या पावलानं. तिथे चित्र म्हणजे जिलेटिनचा एक पातळ थर असतो, बाकी काही नाही, आणि त्याला शंभर वर्षांची बुरशी लागलेली असली तर पाण्याचं बोट लागताच तो साखरेसारखा विरघळतो.

मला झोपेतून उठवून विचारलं तरी हे सांगता येईल. माझी मुलगी अझिलिस झाल्यापासून मला झोपच नव्हती, ही गोष्ट वेगळी.

प्लूवालच्या संग्रहालयात मी सहा वर्षं काम करते आहे. एर्वे कालवेझ हा आमच्या गावचा फोटोग्राफर. पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत त्यानं आसपासच्या वाड्यावस्त्यांमधली लग्नं, जत्रा, मासेमारीच्या नव्या होड्या, चर्चच्या विधीसाठी पांढऱ्या पोशाखात सजवलेली पोरं, मेलेले आजोबा, सगळं टिपलं. त्याच्या नातवंडांनी घर विकलं तेव्हा माळ्यावर सफरचंदांच्या खोक्यांत दोन हजार तीनशे काचा निघाल्या. सोबत एक नोंदवही होती. प्रत्येक काचेचा नंबर, माणसाचं नाव, वर्ष. आमचा साहेब गेनोले, त्यानं ती यादी स्थानिक वर्तमानपत्रात छापून आणली. 'आपली माणसं ओळखा,' असं त्यावर लिहिलं होतं.

सगळ्यात आधी आल्या मादाम तांगी.

"चारशे बारा," त्या दारातूनच म्हणाल्या. "पेरीन ल गोफ, वय सोळा, साल चोवीस. माझी आई."

"मादाम, आम्ही अजून दीडशेच्या आसपास आहोत," गेनोले म्हणाला.

"मग हात चालवा की. मी पंच्याऐंशीची आहे."

आई गेली तेव्हा त्या चार वर्षांच्या होत्या. पुढच्या वर्षी, चव्वेचाळीसच्या ऑगस्टमध्ये, जर्मन माघार घेत होते तेव्हा त्यांचं शेतावरचं घर जळालं. त्यात होतं नव्हतं ते सगळं गेलं. "आई म्हटलं की मला काय आठवतं सांगू?" त्या मला म्हणाल्या होत्या. "एप्रनचा वास. ताकाचा आणि धुराचा. आणि वर चेहऱ्याच्या जागी काहीच नाही."

मग त्या दर गुरुवारी बाजार आटपून येऊ लागल्या. पिशवीत आमच्यासाठी लोण्याचा केक, कधी अझिलिससाठी विणलेले मोजे. "पायात राहत नाहीत म्हणतेस? मग तिच्या आईच्या तोंडावर बांध, कामं लवकर होतील." खुर्ची ओढून बसायच्या आणि माझे हात बघायच्या. गेनोले त्यांना चिडवायचा, "मादाम, रांग मोडणार नाही हं मी." त्या म्हणायच्या, "तुमच्या बापानं मासळीबाजारात जन्मभर रांगा मोडल्या, तुम्हाला काय झालं?"

रांग मी मोडली. मला त्यांचं फार वाटायचं. मूल झाल्यापासून कोणाचीही आई म्हटलं तरी मला भरून यायचं. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी गेनोले बैठकीला गेला होता, तेव्हा मी पुढचं खोकं उघडून चारशे बारा बाहेर काढली.

खालून दिवा लावलेल्या टेबलावर ती ठेवली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं. काळा चेहरा, काळं एप्रन, डोक्यावर काळी लेसची टोपी. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिलेली एक मुलगी. डोळे पांढरे. कडेनं बुरशी चढलेली होती. आमच्याकडे नियम आहे, आधी फोटो, मग हात. काचेला काही करण्याआधी ती जशी आहे तशी टिपून ठेवायची. मी त्यासाठी मोबाइल उचलला आणि तेवढ्यात तो वाजला.

पाळणाघर होतं. अझिलिसला एकोणचाळीस ताप. रडायची थांबत नाही.

"येते, दहा मिनिटांत येते," मी म्हणाले. फोन कान आणि खांद्यात धरलेला, एका हातात काच, दुसऱ्या हातात आधीच भिजवलेला कापूस. वाटलं, निदान एवढी एक पुसून ठेवू. बोलता बोलता काच एकदा टेबलावर ठेवली होती. परत उचलली तेव्हा ती पालटली होती. खिडकीपाशी धरून बघायला दोन सेकंद लागतात. तेवढं मी केलं नाही.

एकदाच हात फिरवला, वरून खाली. कापूस राखाडी झाला, आणि माझं मन आधी म्हणालं, केवढी ही धूळ.

मग मी खाली पाहिलं. खांद्यांपासून खाली सगळं जागच्या जागी होतं. एप्रन, खुर्ची, हात. वर स्वच्छ काच होती आणि तिच्यातून टेबलाचा दिवा दिसत होता.

मी ओरडले नाही, रडलेही नाही. काच नव्या कागदी पाकिटात घातली, नंबर घातला, आणि नोंदीच्या तक्त्यात लिहिलं, 'चेहऱ्याचा भाग बुरशीमुळे पूर्वीच नष्ट.' अक्षर चांगलं आलं होतं. कापूस टिश्यूत गुंडाळून खिशात घातला आणि संग्रहालयाबाहेरच्या कचराकुंडीत टाकला. पाळणाघरातून अझिलिसला घेतलं. तापानं तिचं डोकं तव्यासारखं झालं होतं, तिनं ते माझ्या गळ्याशी खुपसलं, आणि चालता चालता माझ्या मनात आलं, हिच्यामुळे झालं. क्षणभरच आलं. पण आलं.

ताप दोन दिवसांत उतरला.

पुढचे आठ गुरुवार मी सांगत राहिले की ते खोकं अजून आलं नाही. मादाम तांगी खुर्चीत बसायच्या, केक कापायच्या. मी सांगायचं ठरवून घरून निघायचे. चर्चच्या चौकापर्यंत शब्द तयार असायचे. 'मादाम, काच खराब निघाली.' एवढं तर खोटं बोलता आलं असतं! पण त्या आल्या आल्या माझ्या बोटांकडे अशा काही बघायच्या, की माझ्या तोंडून तेही फुटायचं नाही.

नवऱ्याला, रोनानला, मी सांगितलं. तो भांडी घासत होता. "सांगून टाक," तो म्हणाला. "काच ती. फुटतात काचा."

"फुटली नाही. मी पुसली."

"मग पुसली म्हण."

म्हणायला तो कुठे होता तिथे!

एप्रिलमध्ये मादाम म्हणाल्या, "मे महिन्यात माझ्या खुब्याचं ऑपरेशन आहे. या वयात भूल दिली की काही जण उठतच नाहीत. तेव्हा पोरी, खोकं येवो न येवो, तू मला त्याआधी आई दाखव."

त्या दुपारी मी जे केलं ते घाईत केलं नाही. त्याला फोनचं, तापाचं, झोपेचं कारण नाही. मी चोवीस सालच्या सगळ्या काचा शांतपणे बघत बसले. चारशे सत्तावीस नंबरवर प्लूवालच्या एका शेतावरचं लग्न होतं, तिसाएक माणसं, मागे टांगलेली पांढरी चादर. तिसऱ्या रांगेत टोकाला पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी. गोल हनुवटी, जरासे पुढे आलेले कान. मादाम तांगींच्या चेहऱ्याशी मी ताडून पाहिलं. चालण्यासारखं होतं. मी तिला त्या लग्नातून कापून काढलं, मोठं केलं, आणि चांगल्या कागदावर छापलं.

मादामनी फोटो दोन्ही हातांत घेतला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्या रडतील असं मला वाटलं होतं.

"एवढीशी?" त्या म्हणाल्या. "माझी नात शोभेल की ही." मग फोटो डोळ्यांजवळ धरून, "कान बघ. माझ्या मुलाचे, लोइकचे कान. त्या पोराला शाळेत सगळे किटलीचे कान म्हणून चिडवायचे. म्हणजे हे इथून आलेत होय!"

"हो," मी म्हणाले. "अगदी तसेच आहेत."

लोइकला मी कधी पाहिलेलंही नव्हतं. हा 'हो' त्या कापसाहून वाईट होता, हे मला तेव्हाच कळलं होतं.

जाताना त्यांनी माझे दोन्ही गाल धरून मुका घेतला.

आठवड्यानं, गुरुवार नसताना, त्या आल्या. केक नव्हता. पर्समधून फोटो काढला, त्यावर टपाल तिकिटं बघायचं भिंग ठेवलं.

"ही टोपी बघ."

मी बघितली.

"नीट बघ. तुझी आजी कुठली?"

"इथलीच."

"मग तिला लाज आणलीस. हे मागे खांद्यावर काय लोंबतंय?"

मी त्याला मागची चादर समजले होते. ती चादर नव्हती. टोपीचं लेसचं पाखं होतं ते, खाली सोडलेलं. प्लूवालच्या बायका दोन्ही पाखी वर दुमडून माथ्यावर टाचणी लावायच्या. खाडीपलीकडच्या त्रेवेनूच्या बायका ती खांद्यावर सोडायच्या. आमच्याकडची माणसं बाईकडे बघताना आधी डोकं बघायची, मग चेहरा. डोक्यावरून गाव कळायचं, लग्न कळायचं, सुतक कळायचं. माझी आजीही तशीच होती. आणि मी अख्खी दुपार चेहरा शोधत बसले होते. लग्नाला पलीकडून तरीच्या होडीनं पाहुणे आले असतील, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

"आई त्रेवेनूची होती," मादाम तांगी म्हणाल्या.

त्यांनी फोटोवरून भिंग उचललं.

"आई गेल्यावर मला फिलोमेन आत्यानं वाढवलं. वाढवलं म्हणजे काय, घास घातला आणि घासागणिक टोमणा. 'तुझी आई पलीकडची. तरीतून आलेली मोलकरीण. माझ्या भावाला नादी लावलंन.' तुला माहीत आहे त्रेवेनूच्या लोकांना इकडे काय म्हणतात ते."

"जेवणाची वेळ सोडून कुठेच वेळेवर येत नाहीत," मी म्हणाले. हा आमच्याकडचा जुना विनोद. त्या हसल्या नाहीत.

"सतरा वर्षांची होते. सणाचं जेवण होतं, सगळी माणसं बसलेली. आत्या तेच परत बोलली. मी उठले आणि तिच्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. त्याच दिवशी घर सोडलं. ती मेली तेव्हा मातीलाही गेले नाही. तिची मुलगी ओदेत, माझी आत्येबहीण, एका ताटात जेवलेल्या आम्ही, त्यानंतर तिनं माझं तोंड पाहिलं नाही. बरोबरच होतं तिचं." त्यांनी भिंग मिटलं. "आत्या खरं बोलत होती, एनोरा. खऱ्यासाठी मार खाल्लान बिचारीनं."

"मादाम..."

"मी ओदेतला पत्र टाकलं. माफी मागितली. काल तिचा फोन आला. रविवारी जेवायला येतेय."

मी सगळं लिहिते आहे तर हेही लिहायला हवं. मला हायसं वाटलं. मनात म्हटलं, बघ, तुझ्या खोट्यानं दोन म्हाताऱ्या बहिणी एका टेबलावर येताहेत. आता तोंड उघडून तू कोणाचं भलं करणार आहेस? गप्प बस. नुसतं गप्प बसलीस तरी हे पुण्य तुझ्या नावावर जमा होईल.

मादाम तांगी उठल्या नाहीत. फोटोच्या कडेवरून अंगठा फिरवत बसल्या.

"आईचं एकच वाक्य मला आठवतं," त्या म्हणाल्या. "मला मांडीवर घेऊन म्हणायची, 'आपण प्लूवालच्या, घंटेखाली जन्मलेल्या.' चर्चच्या घंटेखाली, असं. चेहरा नव्हता पण तेवढं वाक्य होतं माझ्याकडे. त्याच्यासाठी मी आत्याला मारलं. आणि तेही खोटं निघालं. चार वर्षांच्या पोरीशी कशाला खोटं बोलावं कोणी?"

घरी अझिलिसच्या कानाशी मी रोज काय काय बोलते. चंद्र तुझा, समुद्र तुझा. त्यातलं एखादंच वाक्य तिच्याकडे उरलं आणि मी नसताना कोणी परकी बाई आपली कातडी वाचवण्यासाठी ते पुसून टाकायला निघाली तर?

"त्या खोटं नाही बोलल्या," मी म्हणाले. "मी बोलले. ही तुमची आई नाही."

सांगायला लागल्यावर सगळंच बाहेर आलं. पालटलेली काच, कापूस, तक्त्यातली नोंद, कचराकुंडी, आठ गुरुवार, लग्नातून कापून काढलेली मुलगी. मध्ये त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "फोन पाळणाघराचा होता? पोर बरी आहे ना?" मी म्हणाले हो. "मग पुढे सांग," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज सपाट होता. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"आण ती काच," माझं संपल्यावर त्या म्हणाल्या.

मी दिव्याच्या टेबलावर ठेवली. त्या काठी टेकत उठल्या आणि वाकल्या. एप्रन, खुर्ची, खुर्चीवरचा हात. त्या हाताकडे त्यांनी खूप वेळ पाहिलं. मग वरच्या रिकाम्या जागेकडे.

"टोपीसुद्धा गेली," त्या म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे ती अलीकडची की पलीकडची, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही, ओदेतलाही नाही."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. इतके दिवस मी समजत होते की मी एक चेहरा पुसला.

"तू पाहिला होतास ना तिचा चेहरा? पुसण्याआधी?"

"पाहिला. पण उलटा. चेहरा काळा, डोळे पांढरे."

"टोपी? पाखी वर होती की खाली?"

मी डोळे मिटले. अजूनही मिटते. हात दिसतो, खुर्ची दिसते, काळी लेस दिसते. पाखी दिसत नाहीत. 'वर होती' असं म्हणणं किती सोपं होतं! त्या तेवढ्यावर समाधानानं घरी गेल्या असत्या.

"मला आठवत नाही," मी म्हणाले. "मी नीट पाहिलंच नव्हतं."

त्यांनी मान हलवली. परत खुर्चीत बसल्या. गेनोले मघापासून दारात उभा होता, ते मला तेव्हा दिसलं.

"मी रविवारी तुमच्याकडे येते," मी म्हणाले. "ओदेतबाईंना मीच सगळं सांगते."

"तू नाही यायचं. मी माफी आत्याला मारल्याची मागितली. मारलं तर होतंच. बाकी तिला काय सांगायचं ते माझं मी बघेन. तू गप्प बस. गप्प बसायची सवय आहे तुला."

माझ्या कानशिलात बसावी तसं ते बसलं.

"तो कागद आण. ज्यावर बुरशीचं लिहिलंयस तो."

मी तक्ता आणला. त्यांनी आधीची ओळ भिंगातून वाचली. "खोड. खरवडू नकोस, नुसती रेघ मार. खालचं दिसलं पाहिजे. आता लिही. चेहरा आणि टोपी, संग्रहालयात काम करणाऱ्या... पूर्ण नाव लिही तुझं. तारीख घाल. यांच्या हातून पुसली गेली."

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही.

"'ओल्या कापसानं' हेही लिही. कशानं गेलं ते पुढच्या माणसाला कळलं पाहिजे."

तेही लिहिलं. त्या उठल्या. पर्स घेतली. त्या मुलीचा फोटो मात्र टेबलावरच ठेवला, तिचा चेहरा वर करून.

"हिला घेऊन त्रेवेनूला जा. हिचं कोणी असेल तर त्यांना दे. मी आठवडाभर दुसऱ्याच्या आईशी बोलत होते." दारात गेनोलेनं त्यांना हात दिला. तो त्यांनी धरला. माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

गेनोले परत आला, उभ्या उभ्या तक्ता वाचला. मग माझ्या टेबलावरचे ब्रश, कापसाची बरणी, पाण्याची बाटली, एकेक उचलून आपल्या टेबलावर नेली.

"काचा आता मी बघेन," तो म्हणाला. "तू नोंदवही सांभाळ."

"किती दिवस?"

"मला माहीत नाही, एनोरा. मला खरंच माहीत नाही."

पाच वाजले होते. मी पाळणाघरात गेले. अझिलिस चटईवर बसून कोणाचा तरी बूट चावत होती. मला बघून तिनं हात वर केले. मी तिला उचललं आणि धरून उभी राहिले. डावी भुवई उजवीपेक्षा जरा वर. नाकाच्या शेंड्यावर झोपेत ओरबाडल्याची बारीक रेघ. खालच्या ओठाला मधोमध खळगा. कानाची वरची कड दुमडलेली, बहुतेक रोनानकडून आलेली. असं एकेक मी बघत राहिले. पाळणाघराच्या बाई पिशवी घेऊन आल्या, थांबल्या, परत गेल्या, परत आल्या.

"अहो, काय झालं?" त्या हसत म्हणाल्या. "पहिल्यांदाच बघताय का पोरीला?"